दातांनी वाजवलेला ढोल

मुलीशी मी खोटं बोललो, तेही एमआरआयच्या बोगद्यात उताणा पडून, डोक्यावर पिंजऱ्यासारखं झाकण बसवलेलं असताना. "बाबा, हललात का?" असं तिनं काचेपलीकडून माइकवर विचारलं आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "नाही गं, अजिबात नाही."

मला काही झालेलं नव्हतं. मी निरोगी स्वयंसेवक होतो. मुलगी पुण्याला पीएच.डी. करते, आणि तिचं सगळं काम या यंत्रावर आहे. घरी आली की ती जेवणाच्या टेबलावर पोळीचे तुकडे मांडून आम्हाला ते समजावते. एमआरआय कॅमेऱ्यासारखा एका झटक्यात फोटो काढत नाही. तो एकेक ओळ गोळा करतो, आणि सगळ्या ओळी जमल्या की त्यांतून चित्र तयार होतं. मधेच माणूस हलला तर आधीच्या ओळी आणि नंतरच्या ओळी जुळत नाहीत. मग चित्र विस्कटतं, एका डोक्याची चार डोकी दिसतात. लहान मुलं, कंपवाताची माणसं, वेदनेनं तळमळणारे पेशंट, यांना हलू नका म्हणून काय उपयोग? त्यांना गुंगीचं औषध द्यावं लागतं, नाहीतर पुन्हा पुन्हा आत घालावं लागतं. माझ्या मुलीनं असा प्रोग्राम लिहिला होता की माणूस कधी आणि किती हलला हे त्या ओळींवरूनच ओळखायचं आणि ओळी परत जागेवर आणून बसवायच्या. म्हणजे हलणाऱ्याला खुशाल हलू द्यायचं.

इथे नाशकात, आमच्या इंदिरानगरजवळच्या एका तपासणी केंद्रातल्या डॉक्टरबाई तिच्या पीएच.डी.च्या सरांच्या ओळखीच्या. सगळ्या परवानग्या काढून त्यांनी तिला काही रविवार यंत्र वापरायला दिलं होतं. हा शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सरांना चित्रं पाठवायची होती, त्यावरच तिचा शोधनिबंध परिषदेला जाणार की नाही ते ठरणार होतं. यंत्रात पडायला येणारी तिची मैत्रीण ऐनवेळी तापानं पडली, आणि मी म्हणालो, मी येतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझी अर्धी हयात गेली, आवाजाला मी काय घाबरणार?

केंद्रातला तंत्रज्ञ निफाडकडचा, गप्पिष्ट माणूस. त्यानं माझ्याकडून घड्याळ, पट्टा, चाव्या सगळं काढून घेतलं.

"साहेब, खिशात अजून काही? नाणं, पिन, तंबाखूची डबी?"

"मी तंबाखू खात नाही."

"सगळे असंच म्हणत्यात. मग आत गेलं की चुंबकाकडं डबीच आधी उडी मारती."

मुलगी हसली. "दादा, हे माझे बाबा आहेत."

"म्हणून तर विचारलं ताई. पोरीदेखत कोण कबूल करतं?"

पहिलं चित्र स्थिर हवं होतं. नंतरच्या हलत्या चित्रांची तुलना त्याच्याशी करायची होती. म्हणजे मला फक्त गप्प पडून राहायचं होतं. एवढं सोपं काम आयुष्यात मला कुणी सांगितलं नसेल. मी डोळे मिटले आणि यंत्र सुरू झालं.

ते नुसतं घरघरेल असं मला वाटलं होतं. ते चक्क वाजायला लागलं. ठोके, सरळ, घट्ट, न चुकणारे. आणि मी सायखेड्याचा. कॉलेज संपेपर्यंत गावात वरात असो की गणपती, कमरेला ढोल बांधून मी पुढे असायचो. नाशिकचा ढोल ज्यानं अंगावर घेतलाय त्याच्यासमोर असा ठोका टाकून त्याला गप्प राहा म्हणणं योग्य नाही, असं मी आता म्हणतो. त्या वेळी मी काही म्हटलं नाही. यंत्र चार ठोके देत होतं आणि मी चौथ्यावर थाप टाकत होतो. हात पोटावर बांधलेले होते म्हणून दातांनी. वरचे दात, खालचे दात, आणि समेला हनुवटी. मला आपण काय करतोय याचं भानही नव्हतं. इतकं मजेत मी कित्येक वर्षांत कुठे पडून राहिलो नव्हतो. ठोके थांबले तेव्हा हनुवटी एकदा उगाचच खाली गेली, आणि आपण काय केलं ते माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात माइकवर तो प्रश्न आला.

बाहेर येऊन पाहिलं तर पडद्यावर माझं डोकं, आणि त्याच्या वर-खाली त्याचीच फिकट भुतं, एका अंतरावर, ओळीनं उभी.

"तुम्ही हलला नाहीत ना? नक्की?"

"नक्की."

तिनं तिचा प्रोग्राम त्यावर चालवून पाहिला. भुतं जागची हलली नाहीत. पुन्हा चालवला. तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, मशीन लय भारी कंपनीचं हाय, त्याला नाव ठेवायचं नाय." ती म्हणाली, "मशीन नाही हो दादा, माझंच काहीतरी चुकलंय." ते 'माझंच' मला लागलं. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी ते मला आठवडाभर पुरतं, आणि इथे मी पोटच्या पोरीच्या कामावर दोन्ही पाय देऊन उभा होतो. तरी तोंड उघडेना. ती लहानपणापासून मला सरळ माणूस समजत आलीय. दातांनी ढोल वाजवणारा बाप म्हणून तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटली, एवढंच खरं कारण.

यंत्र चारपर्यंत आमचं होतं. जेवायला घरी आलो. बायकोनं वरण-बट्टी केली होती. मुलगी ताटाशेजारी लॅपटॉप उघडून तिचा प्रोग्राम ओळ-ओळ तपासत होती.

"जेव गं आधी," बायको म्हणाली. "ते काही पळून जात नाही."

"आई, मला सापडत नाहीये. उद्या सरांना काय दाखवू?"

"आणि अहो, तुम्ही का नुसती बट्टी कुस्करताय? तूप कमी पडलं का?"

मी मान वर केली. मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ती ते येऊ देत नव्हती हे दिसत होतं. मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मी हललो होतो," मी म्हणालो.

"कधी?"

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"बाबा! मी मघापासून माझा प्रोग्राम खणतेय. दोनदा विचारलं मी तुम्हाला!"

"हो. आणि दोन्ही वेळा मी खोटं सांगितलं. चूक माझी आहे, तुझी नाही. म्हणजे तुझं काहीच चुकलेलं नाही."

"पण असे कसे हललात की सबंध वेळ—"

"ठेक्यात."

बायको हसत सुटली. "यांना हलू नका म्हणून सांगितलंस? अगं, मिक्सर लावला तरी यांची मान सुरू होते. मला विचारायचं तरी!"

मुलगी हसली नाही. रागावलीही नाही, निदान आणखी नाही. तिनं हात पुसले आणि फोनवर यंत्राच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. "कसं ते करून दाखवा."

जेवणाच्या टेबलावर, उष्ट्या ताटासमोर बसून मी दात वाजवले. ती माझ्या हनुवटीकडे बघत टेबलावर बोट आपटत होती. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला माझी हनुवटी. मग ती खुर्चीत मागे रेलली.

"एका ठोक्याला एक ओळ, म्हणजे दर चौथ्या ओळीला," ती म्हणाली. "म्हणून भुतं अशी रांगेत उभी आहेत."

माणूस हलला की वेडावाकडा हलतो, असं ती धरून चालली होती. कधी खोकतो, कधी मान वळवतो. तिचा प्रोग्राम अशी वेडीवाकडी हालचाल पकडायचा. यंत्राशी जुगलबंदी करणारा पेशंट तिनं कल्पिलाच नव्हता. माझी हालचाल इतकी नियमित होती की प्रोग्रामला ती चित्राचाच भाग वाटली.

"मग आता?" मी विचारलं.

"ओळी क्रमानं घ्यायच्याच नाहीत. पत्त्यांसारख्या पिसून घ्यायच्या. तशी सोय मी लिहून ठेवली होती, पण लागेल असं वाटलं नव्हतं." ती उठली. "चला. आणि कंपवातात हात असाच एका लयीत थरथरतो बाबा. हे मला खऱ्या पेशंटांवर फसल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं?"

तिचा तो प्रश्न मला पुरता कळायच्या आत ती चप्पल घालून दारात उभी होती. बट्टी ताटात तशीच राहिली. बायको ओरडली, "निदान पाणी तरी प्या!"

या खेपेला आधी मी स्थिर पडलो, जीभ दातांत धरून, वीज केंद्रातल्या मुलाखतीलाही एवढा ताठ बसलो नसेन असा. चित्र स्वच्छ आलं. मग माइकवर आवाज आला, "बाबा, आता वाजवा. सकाळी वाजवला तसाच."

यंत्र सुरू झालं आणि माझी फजिती झाली. सकाळचा सरळ ठोका कुठे गेला कळेना. ओळी पिसल्या होत्या, त्याबरोबर आवाजही पिसला गेला होता. मधेच एक ठोका जोरात, मग दोन दबके, मग भलतीकडेच जोर. शेजारी कुणीतरी चुकीचा ठेका धरावा आणि आपल्याला आपला सोडता येऊ नये, तसं. वरातीत असं व्हायचं. बँडवाला मधेच दुसरं गाणं सुरू करायचा, पोरं गोंधळायची, आणि आम्ही ढोलवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठेका धरून ठेवायचो. इथे बघायला कुणाचं तोंड नव्हतं. मी डोळे घट्ट मिटले आणि यंत्राचं ऐकणं सोडून दिलं. थाप, थाप, थाप, हनुवटी. मान लवली तर लवली. खांदेही थोडे गेले असतील. पाय तर नक्की गेले. चालू राहिलेल्या माइकवरून तंत्रज्ञाचा आवाज पुसट ऐकू आला, "ताई, साहेब आत नाचतेत!" आणि त्यापाठोपाठ मुलीचं हसू. मलाही हसू आवरलं नाही, पण ठेका सुटला नाही.

बाहेर आलो तेव्हा पडद्यावर आधी कच्चं चित्र होतं, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं. मुलीनं प्रोग्राम चालवला. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. चित्र हळूहळू आवळत गेलं. आधी कवटीची कड, मग मेंदूच्या वळ्या, मग मधल्या त्या काळ्या फुलपाखरासारख्या पोकळ्या. तिनं शेजारी स्थिर पडून काढलेलं चित्र आणलं. मी या चित्रावरून त्या चित्राकडे पाहिलं आणि मला फरक सांगता आला नाही.

"यातलं हलतं कुठलं?" मी विचारलं.

ती फोन कानाला लावून खोलीत फेऱ्या मारत होती. पलीकडे सर असावेत.

"हो सर, चित्रं आत्ताच पाठवते. नाही, मैत्रीण नाही, माझे बाबा होते. नाही सर, स्थिर कुठले! हलले. सबंध वेळ हलले. इतकं छान हलले ना सर!"

तंत्रज्ञ माझा पट्टा आणि घड्याळ घेऊन आला, ते त्यानं माझ्या हातात दिलं. मी ते तसंच धरून उभा राहिलो. तिचं बोलणं संपेपर्यंत मला ते घालायचंच सुचलं नाही.