सुरतेचा बर्फ

वडिलांची तार आली तेव्हा मी सुरतेत नोकरीला होतो. धाकट्या बहिणीचा मुदतीचा ताप उतरत नव्हता आणि डॉक्टरांनी कपाळावर बर्फ ठेवायला सांगितला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्यात, ऐन वैशाखात बर्फ मागणं म्हणजे समुद्र मागण्यासारखंच; पण मोठ्या डॉक्टरांना मोठेच उपाय शोभतात.

बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी घेतली, लाकडाच्या भुशात पुरली, वर दोन गोणपाटं शिवली आणि सकाळच्या गाडीत बाकाखाली ढकलली. नवापूरपर्यंत डब्यात ओहोळ झाला. समोरच्या म्हातारीने पाय वर घेतले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, पोत्यात बर्फ आहे हे मला आपणहून सांगावं लागलं.

नंदुरबारला आमचा गाडीवान बैल जुंपून उभा होता. पोतं पाठीवर घेतलं तसं त्याचं अंग भिजलं. "भाऊ, हाई त रडी ऱ्हायनं!" म्हणून तो हसला. मग "ताई तुन्ही वाट देखी ऱ्हायनी," म्हणाला आणि बैल पिटाळले.

तापीवर नाव होती, पण आमच्यासाठी नव्हती. कुणी साहेब डोंगरात शिकारीला निघाले होते, त्यांचं सामान आधी जायचं होतं. राहुट्या, खुर्च्या, ग्रामोफोन, अंघोळीचा पत्र्याचा टब. एका वाघाला मारायला एवढं फर्निचर लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी पट्टेवाल्याला हात जोडले. "घरी माणूस आजारी आहे. हे पोतं तेवढं जाऊ द्या."

"माणूस पोत्यात आहे का?" त्याने विचारलं. नावाडीसुद्धा हसले.

गाडीवानाने पागोटं सोडून पोत्यावर पसरलं. खालची वाळू काळी होत गेली.

घरी पोचलो तेव्हा भुशात नारळाएवढा तुकडा उरला होता. आईने तो फडक्यात बांधून बहिणीच्या कपाळावर ठेवला. तिने डोळे उघडले. "गार शे," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आखो ठेव." आईने फडकं पुन्हा टेकवलं. वडील उठून अंगणात गेले.

तेवढ्यात रावसाहेब समाचाराला आले. ही पदवी त्यांना सरकारने दिली होती आणि ते ती छत्रीसारखी सगळीकडे बरोबर नेत. दारी आलेल्याला घरातलं उत्तम द्यायचं, एवढंच आईला माहीत. आणि त्या दिवशी घरात उत्तम असं एकच होतं. तिने तुकडा फोडला. मी "आई!" म्हणालो. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि त्यांच्या पाण्यात खडा टाकला.

"वा! सुरतेची मजा तळोद्यात!" रावसाहेब म्हणाले आणि तो विरघळेपर्यंत गालात घोळवत बसले. बातमी आळीत पसरली. आणखी चार माणसं समाचाराला आली. दिवे लागले तेव्हा बहिणीच्या कपाळावर नुसतं ओलं फडकं होतं.

त्याच आठवड्यात ती गेली. बर्फाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी ते मानलं, मीही मानलं. आईने मानलं नाही.

रावसाहेब पुन्हा आले, सतरंजीवर बसले, ईश्वरेच्छेवर बरंच बोलले. आई दाराआड उभी होती. सुतकाच्या घरचं पाणी कुणी घेत नाही, त्यामुळे या खेपेला तिला त्यांना काही द्यावं लागलं नाही.