कार्टूनची तपासणी, आवाज बंद ठेवून

"गप गप राहते, थे चांगलंच हाये. पोट्टीजवळ बसवून देऊ टीव्हीसमोर. अन् उद्या पोट्टी बिघडलीच, त कोनावर टाकाचं थे बी ठरून गेलं."

हे माझ्या जाऊबाई माझ्याबद्दल सासूबाईंना म्हणाल्या. रविवारी, स्वयंपाकघरात, भेंडी चिरता चिरता. माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते. मी वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरत होते. जिन्यातली खिडकी नेमकी ओट्याच्या वर उघडते, हे घर बांधणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. मला ऐकायचं नव्हतं. पण माझे दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे कान झाकता आले नाहीत.

सासूबाई नुसत्या हसल्या. चिरलेली भेंडी कढईत पडली आणि विषय संपला.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कूलरच्या टाकीत गाळ बसतो तसे ते बसत जातात. गार हवा येते आहे तोवर टाकीत कोण डोकावतं? गोंदियाच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, काय गं, रायपूरला काय चाललंय? मी म्हणते, कार्टून. त्यांना वाटतं मी विषय टाळतेय. म्हणून म्हटलं, एकदा सगळे सांगूनच टाकावेत.

*

आधी माणसं सांगते, मोजकीच आहेत. बाबा म्हणजे सासरे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर. आई म्हणजे सासूबाई. जाऊबाईंना मी ताई म्हणते, त्या दिवसभर ऑफिसात असतात. भासरे, म्हणजे ताईंचे यजमान, नोकरीला कोरब्याला. माझा नवरा नीलेश उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये, शिफ्टवर. आणि ताईंची मिठी. वय पाच.

पार्सलं संपली तरी बाबांची तपासायची सवय संपली नव्हती. बालवाडीच्या पालकसभेत कोणीतरी सांगितलं की मुलं काय पाहतात याकडे घरच्यांनी लक्ष द्यावं. झालं! बाबांनी जुनी डायरी काढली, पट्टीने रेघा मारल्या. कार्टूनचं नाव, वेळ, पास-नापास, शेरा. दर रविवारी जेवणानंतर मीटिंग. भासरे व्हिडिओ कॉलवर, फोन पाण्याच्या जगला टेकवलेला. त्यांचं चित्र बहुतेक अडकलेलं असायचं. अडकलेल्या चेहऱ्याची मान जरा कलती दिसली की बाबा त्यांचं मत 'पास' धरायचे.

आणि एक नियम. तपासणी आवाज बंद ठेवून.

"आवाजानं मानूस गुंगून जाते," बाबा म्हणाले. "पार्सल खोलाचं, पाहाचं, बंद कराचं. पार्सलसंगं गोष्टी करत नाही बसाचं."

खरं कारण असं की जेवणानंतर आईंचा डोळा लागतो.

*

पहिल्याच रविवारी एक अस्वल नापास झालं. ते पाव भाजायचं, शेजाऱ्यांना नेऊन द्यायचं आणि ज्याला त्याला धन्यवाद म्हणायचं. पण आवाज बंद होता, धन्यवाद कोणाला ऐकू आला नाही. चड्डी नव्हती, ते मात्र सगळ्यांना दिसलं. शेरा: कपडे नाही.

नीलेश म्हणाला, "बाबा, अस्वल हाये थे. जंगलात कोनतं अस्वल चड्डी घालते?"

"जंगलात टीव्ही हाये का?" बाबांनी विचारलं.

आणि शेऱ्याखाली पट्टीने रेघ मारली.

त्याच दिवशी कोट-टाय घातलेला एक ससा पास झाला. शेरा: सभ्य. सोमवारी मी मिठीजवळ बसून आवाज लावला, तर ससा दर वाक्याला कोणाला तरी गधा म्हणत होता. मी ताईंना सांगायला गेले. बाबांनी पास केलं ना, एवढं म्हणून त्या ऑफिसला निघून गेल्या.

बुधवारी मिठी दूधवाल्याला गधा म्हणाली.

आईंनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तूच बसते ना तिच्याजवळ?"

*

मिठीचं सांगायला हवं. या घरात मी 'सूनबाई' असते, नाहीतर 'अगं', नाहीतर 'ऐकून राहिली का'. नाव घेऊन हाक मारणारी ती एकटीच. रेवा काकू. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र हिंदीत. पहिल्या आठवड्यात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "रेवा काकू, आप बोलते क्यों नहीं?"

मी म्हटलं, मी ऐकत असते.

"सबका?"

"सबका."

तिला ते फार आवडलं. त्या दिवसापासून ती आपलं सगळं माझ्याजवळ बोलायला लागली. बालवाडीत कोण कोणाला चिमटे काढतं, कोणाच्या डब्यात रोज मॅगी असते, रात्री पांघरुणात तिला कशाची भीती वाटते. मला या घरात दुसरं काही नको होतं. ही पोरगी या घरासारखी होऊ नये, इतकंच. पण हे डायरीच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

*

जूनच्या उकाड्यात मिठीने रिमोट कूलरच्या टाकीत टाकला. तो मासोळीसारखा पोहतो का ते पाहायला. मी धावत जाऊन हात घातला, पण तोवर रिमोट गेला होता.

बाबांची झोप झाली, त्यांनी रिमोट मागितला. ताईंनी मिठीचा ओला फ्रॉक पाहिला, माझा ओला हात पाहिला, आणि सोपं ते निवडलं. "हिच्याच हातून पडला असंन, बाबा. टाकीत पानी भरत होती न ती."

मिठी माझ्याकडे पाहत होती. तिचं तोंड उघडं होतं. मी आता सांगणार, असं तिला वाटत असावं. मी टॉवेलला हात पुसला आणि बाबांना चहा करायला गेले.

मागून मिठीचा श्वास सुटलेला ऐकू आला. मला तेव्हा वाटलं होतं, मी तिला वाचवलं.

*

श्रावण लागला तसं मासोळ्यांचं कार्टून बंद झालं. समुद्राखालची शाळा, मासोळ्यांचे मास्तर, मासोळ्यांचा डबा. आई म्हणाल्या, घरात महिनाभर मच्छी येत नाही, मग टीव्हीवर काहून येऊ द्याची? बाबांनी डायरीत लिहिलं: तात्पुरतं नापास, श्रावण संपेपर्यंत.

नीलेश म्हणाला की त्या मासोळ्या कोणी खात नाही, त्या शाळेत जातात. आई म्हणाल्या, "गेल्या त गेल्या. मच्छी थे मच्छीच."

मिठी रडत माझ्याकडे आली. "मछली लोग कहाँ गए?"

मी म्हटलं, "श्रावण आहे ना. माहेरी गेल्या."

तिचं समाधान झालं. डोळे पुसून ती दारापर्यंत गेली, मग वळून म्हणाली, "फिर आप क्यों नहीं गए?"

लग्नानंतरचा पहिला श्रावण. गोंदियाहून दादा न्यायला आला होता. त्याला जेवायला वाढलं, पान दिलं, आणि आईंनी गोड बोलून परत पाठवलं. सून गेली तर मिठीजवळ टीव्हीला कोण बसणार?

*

आता कोणी म्हणेल, एवढी तपासणी करणारं घर, त्या घरात टीव्हीवर दुसरं काही लागतच नसेल.

संध्याकाळी सातला आईंची मालिका लागते. तिच्यातल्या सासूने तीन महिन्यांत सुनेला दोनदा विष दिलं, एकदा जिन्यावरून ढकललं. मिठी ते सगळं आजीच्या मांडीवर बसून पाहते. मी एकदा दबकत विचारलं, आई, हे मिठीनं पाहिलेलं चालेल का?

"ती थोडी पाहून राहिली," आई म्हणाल्या. "ती त मांडीत बसली हाये."

आठला बाबांच्या बातम्या. पडद्यावर आठ खिडक्या, आठ खिडक्यांत आठ माणसं, सगळी एकदम ओरडणारी. गुढियारीला राहणारी नीलेशची आत्या आली होती, तिने मिठीला विचारलं, हे काय लागलं आहे गं? मिठी म्हणाली, "ये दादाजी का कार्टून है."

सगळे हसले. बाबाही हसले. डायरीत मात्र त्याची नोंद नाही. घरातल्या मोठ्यांचं पाहणं म्हणजे पाहणं नसतंच, ते आपलं चालू असतं.

त्याच आठवड्यात मी मिठीचं कपाट आवरत होते. तिची बाहुली खालच्या कप्प्यात चपलांजवळ पडली होती, वरून कपडे टाकलेले. मी विचारलं, हिला इथे कोणी ठेवलं?

"मैंने. इसको काम नहीं आता."

*

त्या दिवशी मी नीलेशशी बोलले. तो शिफ्टवरून आला होता, भुवयांवर धूळ, नखांत काळं. मी त्याला जिन्यातलं सांगितलं, रिमोटचं सांगितलं, बाहुलीचं सांगितलं. लग्न झाल्यापासून मी एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते.

त्याने नीट ऐकलं. वाईट माणूस नाही तो. मग म्हणाला, "वहिनीच्या तोंडी नको लागू. तू पहिलेपासून शांत हाये. थेच त आवडलं होतं मले."

मी त्याला पाणी दिलं.

त्या आठवड्यापासून मिठी माझ्या मांडीवर डोकं ठेवेनाशी झाली. सोफ्यावर बसायची आणि माझ्याकडे न पाहता हात पुढे करायची. "पानी. जल्दी." रेवाही गेलं आणि काकूही गेलं. सूर ओळखीचा होता. मी तो रोज ऐकते. पण पाच वर्षांच्या तोंडून ऐकला तेव्हा मला स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडावा लागला.

*

आता शेवटचा.

गणपती होऊन आठवडा झाला असेल. बालवाडीतून ताईंना फोन आला. ताई ऑफिसातून तशाच तिकडे गेल्या आणि मिठीला घेऊन घरी आल्या. मंगळवार असूनही बाबांनी मीटिंग लावली. कोरब्याचा फोन जगला टेकवला. नीलेशची रात्रपाळी होती म्हणून तोही घरात होता. मी दारात उभी राहिले, कारण मला बस असं कोणी म्हटलं नव्हतं.

झालं होतं ते असं. वर्गात एक नवी मुलगी आली होती. अभनपूरची, अजून कोणाशी बोलत नाही. मिठीच्या हातून रंगाची वाटी सांडली, बाईंच्या रजिस्टरवर. मिठीने सांगितलं, हिने सांडली. नवी मुलगी काहीच बोलली नाही. बाई तिला रागावल्या, कोपऱ्यात उभं केलं. ती तिथेही काही बोलली नाही, फक्त तिची चड्डी ओली झाली. मग दुसऱ्या एका मुलाने खरं सांगितलं. बाईंनी मिठीला जवळ घेऊन विचारलं, बेटा, असं का केलंस?

ताईंनी मिठीचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

"जो चुप रहता है, उसी पे डालते हैं ना."

बाईंनी ताईंना एवढंच विचारलं होतं, घरी ही काय पाहते?

बाबांनी चष्मा लावला आणि डायरी पहिल्या पानापासून काढली. बोट एकेका नावावरून खाली सरकत होतं. ससा? सशात असं काही नव्हतं, कोट होता. समुद्राखालची शाळा? शाळा होती खरी, पण ती श्रावणात बंद होती, तिच्यावर येत नाही. आई म्हणाल्या, थे अस्वलच असंन, मी पहिलेच म्हटलं होतं. नीलेश म्हणाला, अस्वल तर नापास आहे. कोरब्याच्या फोनमधला चेहरा अडकलेला होता. बाबांनी शेवटचं पान उलटलं, डायरी मिटली आणि मग सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"तू बसते न तिच्यासंगं," ताई मला म्हणाल्या. "सांग. कोनत्या कार्टूनात हाये हे?"

मिठी सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली होती. ती माझ्याकडे पाहत होती. टाकीजवळ पाहत होती तशीच, तोंड उघडं टाकून. नीलेश जमिनीकडे पाहत होता.

टीव्ही चालू होता. आवाज बंद.

मी म्हटलं, "कार्टूनात नाही, ताई. आपल्या स्वयंपाकघरात आहे. लग्नाला आठ दिवस झाले होते, तुम्ही भेंडी चिरत होता आणि मी जिन्यात उभी होते. माझ्या एका हातात वाळलेले कपडे होते आणि दुसऱ्या हातावर मिठी होती. बाबा, शेऱ्यात लिहा, आवाज चालू होता."