गवतातली तार

गुलाबचंद शेठांच्या तीन घोड्या लग्नसराईत गोंदियाभर वरातीत नाचतात. मुहूर्त संपले की त्या बिरसीजवळच्या शेठांच्या पडीत जमिनीवर चरायला सुटतात आणि त्यांना सांभाळतो कवडू. साठीला टेकलेला गडी. घोडं भित्रं जनावर, दचकलं की आधी पळतं, मग पाहतं, हे तो भेटेल त्याला सांगतो. शेठांनाच तेवढं ऐकायला सवड नव्हती.

पडितात एका अंगाला जुन्या कुंपणाची काटेरी तार लोळत पडली होती. पावसाळ्यात गवत वाढलं की ती दिसायचीही बंद होई. होळीपासून कवडू मागे लागला होता. "शेठ, ते तार काढून टाका. घोडीचा पाय अडकते."

"करेंगे ना कवडू, करेंगे."

कवडूनं एकट्यानं ओढून पाहिली. हात फाटले, सात-आठ हात तार निघाली, बाकीची मातीत रुतलेली. दोन माणसं आणि एक दिवस, एवढंच तो मागत होता. पोळाही उलटून गेला.

त्यानंतरच्याच आठवड्यात एका सकाळी बांधावरून रानडुक्कर धावलं आणि तिघींतली बिजली घोडी उधळली ती थेट तारेत. मागच्या पायाची कातडी सोलून लोंबत होती. कवडूनं खांद्यावरचा दुपट्टा आवळून रक्त थांबवलं, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी टाके घातले, धनुर्वाताची सुई टोचली आणि विचारलं, "मालक कुठं आहेत?"

मालक दुपारी आले. जखम पाहिली न पाहिली आणि कवडूवरच उखडले, "तू काय करून राहिला होता?"

"मी तं सहा महिन्यांपासून बोंबलून राहिलो, शेठ! जमीन तुमची, घोडी तुमची. तार काढाची तं कोनं काढाची?"

शेठ गाडीत बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कवडूनं बायकोला, रुख्माला, बिजलीपाशी बसवलं. उरलेल्या दोन घोड्या गोंदियापर्यंत चालवत नेल्या आणि शेठांच्या फाटकालाच बांधल्या. गल्लीत ऑटो अडकले, लोक जमले. शेठ बाहेर आले. "ये क्या तमाशा है?"

"तार निघेपर्यंत ह्या इथंच राहतीन. तठी पडितात मी सोडत नाही."

शेठाणी दारातूनच म्हणाल्या, "वो इतने महीनों से बोल रहा था और आपने कुछ नहीं किया?"

त्याच दुपारी मजूर गेले आणि अंधार पडायच्या आत तार निघाली. सहा महिने रखडलेलं काम अर्ध्या दिवसात झालं, याचाच कवडूला जास्त संताप आला.

बिजली जगली, पण लंगडते. वरातीला आता ती चालत नाही. परवा पाहुणे आले तर शेठ त्यांना सांगत होते, "जानवर के लिए हमने पूरी जमीन साफ करवाई."

कवडू शेजारीच उभा होता. "घोडीचा पाय गेल्यावर केली, हेबी सांगा ना," तो म्हणाला.

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, गडी गंमत करतो आहे.