तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत

जळगाव जामोदच्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली आमचं एक टेबल आहे. टेबल काझी साहेबांचं. ते इथले जुने वकील, मी त्यांची ज्युनियर. हल्ली दर सेमिस्टरला लांबच्या लॉ कॉलेजातून कोणीतरी शिकायलाही येतं. चहा येतो, तारखा पडतात आणि किस्से साचत जातात. गंमत अशी की कुठलाही किस्सा उकरा, तळाशी कोणीतरी घाबरलेलं सापडतं. हसायचं काम आम्ही नंतर करतो!

*

काझी साहेब शिकत होते तेव्हा ‘प्रॅक्टिकल’ म्हणजे कोर्टात जाऊन एक खटला बघायचा आणि जर्नलमध्ये उतरवायचा. सोबत कोणी नाही, विचारणारं कोणी नाही. साहेबांनी घरीच बसून अख्खा खुनाचा खटला रचला. विहीर, कुऱ्हाड, फितूर साक्षीदार, सगळं!

तोंडी परीक्षेला समोर बसले निवृत्त न्यायाधीश. त्यांनी जर्नल पानन् पान वाचलं. साहेबांनी दाराकडे पाहून घेतलं.

“छान लिहिलंय. निकाल काय लागला?”

साहेबांच्या तोंडून निघालं, “सर, अजून तारखाच पडून राह्यल्या!”

न्यायाधीश मान हलवत म्हणाले, “म्हणजे खटला खरा दिसतो.”

पास!

*

माझ्या वेळी इंटर्नशिप आली होती. मी बंगळुरूला शिकले. सुट्टीत मोठ्या वकिलांच्या काचेच्या इमारतीत जायचं, एसीच्या थंडीत कुडकुडायचं, तळटिपांतले स्वल्पविराम तपासायचे आणि ‘न्यायदानात मोलाचं योगदान’ असं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं. कॉलेज ते फाइलला लावायचं. आम्ही काय शिकलो, हे कोणी विचारलं नाही. पाच वर्षांत मी एकही पक्षकार जवळून पाहिला नव्हता.

इथे आल्यावर पहिल्याच दिवशी एक माणूस टेबलासमोर बसला. मी पेन काढून म्हटलं, “घटनाक्रम सांगा.”

तो कुजबुजला, “बाई, ते अगोदर सांगा, माह्या मांगं लाल शर्टवाला उभा हाय का?”

मी पाहिलं. होता.

त्या दिवशी ठरवलं, कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी या खुर्चीसमोर बसवायचं. आजही माझं तेच म्हणणं आहे. माझ्या जुन्या प्राध्यापिकांना मी लिहिलं, “मुलांना आमच्याकडे पाठवा.”

काझी साहेब म्हणाले, “अथी पाठवा? काऊन, पोराईनं काय गुन्हा केला?”

*

आणि खरंच आली! ऋतुजा, मूळ पुण्याची, माझ्याच कॉलेजातली. आता या प्रकाराला एक्स्टर्नशिप म्हणतात. सुट्टीतली हौस नाही. पूर्ण सेमिस्टर, त्याला मार्क, इथे मी मार्गदर्शक आणि तिकडे प्राध्यापिका. दर शुक्रवारी व्हिडिओवर बैठक. पक्षकाराचं नाव बाहेर काढायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, कोर्टात तोंड उघडायचं नाही.

“म्हणजे गप बसायचे मार्क भेटतात?” काझी साहेब म्हणाले. “मंग आमच्या अर्ध्या बार असोसिएशनले शून्य!”

शुक्रवारचा ठरलेला प्रश्न असायचा, ‘या आठवड्यात तुम्हाला कशाने अस्वस्थ केलं?’

साहेब म्हणाले, “आमच्या टायमाले अस्वस्थ वाटलं तं सोडा पाजत जाय.”

*

मग शोभाताई आल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या. नवरा आणि दीर यांच्या मारहाणीविरुद्ध अर्ज होता, त्याच घरात सुरक्षित राहता यावं म्हणून. ऋतुजाला कॉलेजात शिकवलं होतं की पक्षकाराला आधी त्याची अपेक्षा विचारावी. तिने वही मिटली आणि अगदी हळू विचारलं, “ताई, तुम्हाला कोर्टाकडून काय हवंय?”

मला वाटलं, पोटगी म्हणतील, न्याय म्हणतील.

शोभाताई म्हणाल्या, “माह्या खोलीच्या दरवाजाले आतून कडी पाहिजे. होती. कोणंतरी काढून टाकली.”

काझी साहेबांनी तोंडाशी नेलेला चहा खाली ठेवला.

*

पहिल्या तारखेला शोभाताई आल्या, पण कोर्टरूमच्या दाराशी बाकावर त्यांचा नवरा आणि दीर बसलेले. पाय लांब पसरून, पार समोरच्या भिंतीला टेकवून. मधे त्यांची आई, म्हणजे शोभाताईंची सासू. पोतं ठेवावं तशी ठेवलेली. आत जायचं तर त्या पायांवरून जावं लागणार.

शिपायाने पुकारा केला. आमच्याकडे नाव तीनदा पुकारतात. शोभाताई पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. तिन्ही पुकारे त्यांनी ऐकले. पाय उचलला नाही. मी आत सांगत होते, “साहेब, आवारात आहेत.” न्यायाधीश म्हणाले, “आवारात साक्ष होत नाही, वकील बाई.”

नोंद झाली, गैरहजर. पुढची तारीख शेवटची संधी. तेव्हाही आल्या नाहीत तर अर्ज निकाली.

बाहेर आल्यावर ऋतुजाने सासूबाईंपुढे पाण्याची बाटली धरली. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. बाटली घेतली नाही.

*

आम्ही तालीम घ्यायची ठरवली. उलटतपासणी कशी असते ते शोभाताईंना दिसावं म्हणून ऋतुजा शोभा झाली आणि काझी साहेब समोरचे वकील. साहेब उभे राहिले आणि असे काही गरजले की शेडवरची कबुतरं उडाली!

“खोटं बोलता! तुम्ही सोताच पडल्या! तुमाले घर पाहिजे! हो का नाही?”

ऋतुजा चक्क रडायला लागली. शोभाताईंनी उठून तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला.

“रडू नोको वो बाई. हा नुसता बोलूनच राह्यला.”

साहेब गप्पकन खाली बसले. त्या दिवशी तालीम तिथेच संपली.

*

धाकटा दीर मोटरसायकल घेऊन आमच्या टेबलासमोर यायला लागला. काही करायचा नाही. गाडी स्टँडवर लावायची, आरसा आमच्याकडे वळवायचा आणि त्यात बघत बसायचं.

एकदा तो ऋतुजाला अगदी गोड आवाजात म्हणाला, “म्याडम, पुण्याच्या का तुम्ही? वापस कवा चालल्या? बसस्टँडवर सोडून देऊ?”

मी रूमवर गेले आणि आतून कडी लावली. मग उठून पुन्हा बघितली. झोपताना पुन्हा. मोठ्या शहरात राहून आलेली मी, मला पहिल्यांदा कळलं की शोभाताईंनी काय मागितलं होतं.

शुक्रवारच्या बैठकीत हे सांगावंच लागलं. प्राध्यापिका गंभीर झाल्या. आता त्यांच्याकडे त्यासाठीही नियम आहेत. विद्यार्थ्याला धोका वाटला तर कधीही परत बोलावता येतं, मार्क न कापता. “ऋतुजा, उद्याच निघ. तुझ्यावर काही बंधन नाही.”

पडद्यावर प्राध्यापिका उत्तराची वाट बघत स्थिर बसल्या. काझी साहेब वाकून बघायला लागले. “नेटवर्क गेलं काय बे?”

“नाही सर,” ऋतुजा म्हणाली, “विचार करतेय.”

 मग म्हणाली, “मॅडम, मला परत बोलावायची सोय आहे. शोभाताईंना कोण बोलावणार?”

ती राहिली. एकटीने कुठेच जायचं नाही, या अटीवर. तिला खोलीवर सोडायला रोज काझी साहेब जायचे. “संरक्षण पाहा पोरीचं,” ते म्हणायचे, “मलेच रस्ता ओलांडाले हात लागते!”

*

शेवटच्या संधीची तारीख आली. शोभाताई आल्या. बाक तोच, माणसं तीच, पाय तसेच पसरलेले. मधे सासूबाई, पदर मुठीत आवळलेला.

मी आत होते. काझी साहेब माझ्या शेजारी. ऋतुजा मागच्या बाकावर, तोंडावर हात दाबून. दार उघडं होतं, त्यातून टाकी दिसत होती आणि टाकीशी शोभाताई.

पहिला पुकारा झाला. शोभाताईंनी एक पाऊल टाकलं. धाकट्या दिराने पाय हलवला, एवढंच, वहाण फरशीवर घासली. पाऊल परत मागे गेलं.

दुसरा पुकारा. न्यायाधीशांनी पेन उचललं. “वकील बाई?”

“साहेब, येत आहेत.” मी दाराकडे बघत म्हटलं. मागे ऋतुजा उभी राहिली, नियम आठवून पुन्हा बसली.

तिसरा पुकारा.

“हाय! हजर हाय!”

बाकावरून सासूबाई उठल्या होत्या. “पाय घे मांगं,” त्या धाकट्याला म्हणाल्या. त्याने घेतले नाहीत. त्यांनी लुगडं सावरलं, मुलाच्या पायांवरून पलीकडे आल्या आणि सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. “तुम्ही शोभा?”

“नाही साहेब. म्या तिची सासू.”

“मग तुम्हाला कोणी पुकारलं?”

“पुकारलं तिलेच. ते येऊन राह्यली.” त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. कठडा वाजत होता. “तवरीक तिची जागा धरून राह्यते.”

कोर्टात कोणी हसलं नाही. नवरा दारात येऊन उभा राहिला, “माय, चाल घरी.” त्या वळल्या नाहीत.

मग दिराच्या पायांवरून पलीकडे येऊन त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या शोभाताई दिसल्या. न्यायाधीश बघत होते, त्याला वाट द्यावी लागली. त्या पिंजऱ्यापाशी आल्या.

सासूबाई खाली उतरल्या. पदराची गाठ सोडली, आतून एक गंजलेली लोखंडी कडी काढली, खिळ्यांसकट, आणि सुनेच्या हातात ठेवली.