एकादशीला न खाणाऱ्या पेशी

विज्ञान आणि श्रद्धा जिथे एकमेकांना भेटतात, त्या उंबरठ्यावर मी स्वतः उभा राहिलो आहे... म्हणजे नगरजवळच्या एका लॅबमध्ये, पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडून. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दसऱ्याला आमचे लॅबप्रमुख सर त्या इन्क्युबेटरला झेंडूचा हार घालतात. बुरशी नको म्हणून तो मीच काढतो.

आम्ही रुग्णाच्या आतड्याचा कणभर तुकडा घेऊन त्यातल्या पेशी डिशमध्ये वाढवतो आणि औषधं आधी त्यांच्यावर करून पाहतो. देवळाली प्रवराच्या सुमनमावशींना आतड्यात जखमा होण्याचा जुना आजार. दोन औषधं वाया गेलेली, वजन उतरत चाललेलं. पेशी मेल्या तर पुन्हा नळी घालून तुकडा काढावा लागणार, आणि नळीला मावशींचं ठाम ‘न्हाई’.

संमतीची सही करताना म्हणाल्या, “डाक्टर, माझे उपास बंद केलेत तुमी लोकांनी. ह्या डिशीतल्यांना तरी एकादशीला उपाशी ठेवा. माझ्या नावानं हुईल.”

“मावशी, मरतील त्या.”

“एका दिसानं कुनी मरतं व्हय? लई लाड करू नका.”

मी अर्थातच एकादशीला सकाळी ताजं खाद्य घातलं. हे खाद्य लाल असतं. पेशी खातात तसतसं पिवळं पडतं. संध्याकाळी शेजारच्या सगळ्या डिश पिवळसर... मावशींची मात्र लाल. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर सगळ्या ठणठणीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डिश पिवळी.

पुढच्या एकादशीला माझी सहकारी स्नेहा हिने डिशवरची नावं झाकून नुसते आकडे टाकले. “तुझ्याच हाताचा दोष निघणार बघ,” म्हणाली. संध्याकाळी एकच डिश लाल होती. नाव उघडलं — मावशींची.

स्नेहाने आकडा पुन्हा एकदा ताडून पाहिला. मग म्हणाली, “सरांना सांगू नकोस. आरती करतील.”

तिसरं औषध डिशमध्ये लागू पडलं, मग मावशींनाही. काही महिन्यांत वजन वाढलं आणि त्यांच्या डॉक्टरांनी उपासाला परवानगी दिली. त्यांच्या पेशी आम्ही संशोधनासाठी वाढवतच होतो. परवानगीनंतरच्या पहिल्याच एकादशीला ती डिश सगळ्यांच्या आधी, दुपारीच पिवळी झाली. खाद्य, तापमान, सगळं तपासलं. कारण आजही सापडलेलं नाही.

न राहवून संध्याकाळी मावशींना फोन केला. “उपास धरला का?”

“व्हय तर! कडक.”

“काय खाल्लं?”

साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि दोन केळी.