मेथी निवडताना

लेक गेल्यापासून मावशी गप्पच होती. समुपदेशक बाईंसमोर ती खुर्चीवर अवघडून बसली. "कसं वाटतंय?" विचारलं की "बरंय" म्हणायची.

मग बाईंनी मेथीची जुडी काढली आणि सतरंजीवर बसल्या. "ताई, जरा निवडू लागता?"

मावशी लगेच खाली बसली. "अहो, देठं किती ठेवताय! भाजी कडू होईल."

आम्ही समुपदेशन केंद्रातल्या कार्यकर्त्या 'मन मोकळं करा' अशी पत्रकं वाटत फिरतो. पण रिकाम्या हातांनी बसून दुःख सांगायची मुभा आमच्या बायकांना कुणी कधी दिली?

पानं खुडता खुडता मावशी म्हणाली, "तिचे कपडे अजून धुतले नाहीत मी. वास जाईल हो."

बाईंनी वर पाहिलं नाही. मावशीला पुढे बोलता यावं, म्हणून त्या हळूहळू निवडत राहिल्या.