आधी वर बघ

दाऊदचाचा गाडीतून उतरताना पाय जमिनीला लावायच्या आधी मान वर करून विजेच्या तारा बघायचे. मस्कतच्या हमरिया भागातल्या चहाच्या दुकानापुढेही तेच. बरोबरची माणसं हसायची. "हसा," चाचा म्हणायचे, "माझी मान दुखते. तुमची जळेल."

मी पदवी घेऊन नुकताच मस्कतला आलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. चाचा रत्नागिरीच्या खाडीकाठचे, सातवी शिकलेले, विजेच्या लाइनी सांभाळणाऱ्या आमच्या ठेकेदार कंपनीचे फोरमन. कागदावर मी त्यांचा साहेब. पहिल्याच दिवशी मी नकाशा उघडला, तेव्हा त्यांनी बोटाने वर दाखवलं. "इंजिनेर, तुझ्या नकाशात पाखरं नायत, होले नायत. तारेवर होला बसला की त्याच्यामागं बंदूक येते."

त्यांच्या खिशात हिरवट काचेचा एक तुकडा असायचा. तार खांबापासून वेगळी ठेवणाऱ्या काचेच्या चकत्यांपैकी एक कोणीतरी नेम धरून फोडली होती, तिचा तो तुकडा. शिकारी भेटला की चाचा तो त्याच्या हातावर ठेवत.

ईदनंतरच्या शुक्रवारी आम्ही अल खौदच्या पलीकडे लाइन तपासत होतो. तिथे आमच्या अर्बाबचा, म्हणजे कंपनीच्या मालकाचा, तंबू लागला होता. सणाला डोंगराच्या पायथ्याशी पांढरा दगड ठेवून नेम धरायची त्यांच्याकडे जुनी रीत आहे. पण त्या दिवशी तारेवर होले बसले आणि पाहुण्यांच्या बंदुका वर वळल्या, बार उडाले.

चाचा सरळ त्यांच्यात शिरले. "बंदूक नीचे." आवाज चढवला नाही, पण बंदुका खाली झाल्या. मग त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. तारेचे तीन पदर तुटून केसासारखे लोंबत होते. खालच्या वाटेने बकऱ्या घेऊन एक म्हातारी येत होती.

"गोळी लागलेली तार लगेच पडत नाय. वाऱ्याची वाट बघते," चाचा म्हणाले आणि त्यांनी जीप वाटेत आडवी लावून म्हातारीला लांबूनच परत फिरवलं.

अर्बाब हसत म्हणाला, "दाऊद, आज जुम्मा है. गेस्ट है. खाना खाओ, कल देखेगा. खलास."

चाचांनी काचेचा तुकडा त्याच्या कॉफीच्या तबकात ठेवला आणि त्याच्यासमोरच कंट्रोल रूमला फोन लावला. "लाइन बंद करो. हां, अभी. कौन बोला? दाऊद बोला. नाम लिखो."

ऐन दुपारी, ऐन उन्हाळ्यात तीन गावांतले एसी बंद पडले. तार बदलेपर्यंत चाचा पाण्याची बाटली घेऊन तिथेच उन्हात उभे राहिले, कोणालाही खाली जाऊ न देता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मला निरोप आला: रिपोर्टमध्ये कारण 'पक्षी' लिहा. माझा व्हिसा अर्बाबच्या हातात होता. गावी आई शेजाऱ्यांना माझा फोटो दाखवत होती. मी चाचांकडे बघितलं.

"पक्षी तर होताच," मी पुटपुटलो.

"होता. पण त्याच्याकडे बंदूक नव्हती," चाचा म्हणाले. "तू कॉलेजात कशाला गेलास? मला इंग्रजीत लिवता आलं असतं तर मी तुला विचारलं नसतं."

मी 'गोळी' लिहिलं. महिनाभरात चाचांचा व्हिसा संपत होता, तो पुढे वाढवला गेला नाही. मला का ठेवलं, ठाऊक नाही. अझैबा भागातल्या त्यांच्या खोलीत बॅग बांधताना मी रडवेला झालो, तर ते म्हणाले, "खाडीवर पण तारा हायत. मला काम कमी नाय. तू मान खाली घालू नको, बस."

पुढच्या ईदला अर्बाबने मला बोलावलं. नेमाचा दगड कुठे ठेवायचा, ते विचारायला. मी आधी वर बघितलं, मग तारांकडे पाठ करून डोंगराचा कडा दाखवला.

"दाऊद ने सिखाया?" तो म्हणाला.

"हां, अर्बाब. और आपने उसको घर भेजा."

तो स्वतः उठला, दगड उचलला आणि मी दाखवलेल्या जागी नेऊन ठेवला.